स्त्रीबीजं गोठवायच्या आधी: ट्रिगरची वेळ, आणि मग बाकीचं

आधी तपासण्या. एएमएचची (अंडाशयात बीजांचा साठा किती, याचा अंदाज देणाऱ्या संप्रेरकाची) रक्तचाचणी आणि पाळीच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीची सोनोग्राफी. एएमएचवरून बीजं साधारण किती मिळतील ते कळतं, ती कशी असतील ते नाही. ते वयावर. आकडा भरघोस आला म्हणून आणखी चार वर्षं थांबायचं ठरवू नका. गर्भनिरोधक गोळ्या चालू असतील तर तसं सांगा, त्यांनी आकडा कमी दिसू शकतो. एचआयव्ही, हिपॅटायटिस वगैरे क्लिनिकच्या यादीत असतंच.

केमोथेरपीआधी करत असाल तर पाळीची वाट बघत बसू नका, चक्राच्या कुठल्याही दिवशी सुरुवात करता येते. फक्त कॅन्सरच्या डॉक्टरांना पहिल्याच भेटीत विचारा, औषधाची तारीख ठरल्यावर नव्हे.

मग बीजं वाढवायची इंजेक्शनं, साधारण 8 ते 14 दिवस, पोटावर, रोज ठरल्या वेळी. कुठलं फ्रीजमध्ये ठेवायचं आणि कुठलं बाहेर, ते खोक्यावर वाचा. फ्रीजच्या मागच्या भिंतीला टेकवून ठेवू नका. गोठलेलं औषध वाया जातं. दर दोन-तीन दिवसांनी सोनोग्राफी. अंडाशयं फुगलेली असतात, तेव्हा धावणं-उड्या बंद; अंडाशयाला पीळ पडला तर तातडीची शस्त्रक्रिया करावी लागते.

आता ट्रिगर. इथे नीट वाचा, कारण सगळं मुसळ केरात जातं ते इथेच. मोठी फॉलिकल (अंडाशयातली बीज वाढतं ती पाण्याची पिशवी) 18 मिलिमीटरच्या आसपास पोचली की हे शेवटचं इंजेक्शन देतात, आणि त्यानंतर साधारण 34 ते 36 तासांनी बीजं काढतात. तेवढ्या वेळात बीज आपली निम्मी गुणसूत्रं बाजूला टाकून पक्व होतं आणि फॉलिकलच्या भिंतीपासून सुटतं. लवकर काढायला गेलं तर कच्चं, आणि गोठवतात ती पक्वच. उशीर झाला तर फॉलिकल फुटून बीज निघून गेलेलं. ट्रिगर लागलाच नसेल तर सुईतून नुसतं पाणी येतं. इतर इंजेक्शनांना तासभर इकडेतिकडे बहुधा चालून जातं, ट्रिगरला नाही.

वेळ बहुतेकदा रात्रीची असते, आणि घोळ तिथेच होतो. ‘शुक्रवारी रात्री साडेबारा’ म्हणजे कोणती रात्र? गुरुवारी जेवून जागत बसायचं ती, की शुक्रवारी जेवून? फोनवर ‘हो, कळलं’ म्हणून ठेवू नका. तारीख आणि 00:30 असं 24 तासांच्या घड्याळात लिहून मागा, परत वाचून दाखवा. दोन फोनवर गजर लावा, एक दुसऱ्या माणसाच्या. पावडर आणि द्रावण वेगळं असेल तर मिसळायचं कसं ते दुपारीच समजून घ्या, मध्यरात्री व्हिडिओ शोधत बसू नका. आणि कुपी घरात आहे ना, ते आदल्या दिवशी डोळ्यांनी बघा.

चुकलंच, तर त्याच मिनिटाला क्लिनिकला फोन. वीस मिनिटांनी काय होतंय, असं स्वतःचं स्वतः ठरवायचं नाही. वेळेत कळलं तर ते बीजं काढायची वेळ पुढे सरकवू शकतात. काढायच्या दिवशी विचारतील, ट्रिगर किती वाजता घेतला? सांगितलेली वेळ नका सांगू, खरी सांगा.

त्या दिवशी उपाशी पोटी, सोबत कोणीतरी, गाडी स्वतः चालवायची नाही. पीसीओएस (अंडाशयात खूप छोटी फॉलिकल असण्याचा संप्रेरकांचा विकार) असेल किंवा फॉलिकल खूप असतील तर अंडाशयांच्या अतिउत्तेजनाचा धोका जास्त, म्हणून ट्रिगर कोणता देणार ते आधीच विचारा. नंतर पोट फार फुगलं, वजन झपाट्याने वाढलं, लघवी कमी झाली, धाप लागली, तर सकाळची वाट बघू नका.

किती काढली हा आकडा ऐकून खूश होऊ नका, पक्व किती आणि गोठवली किती ते लेखी घ्या. वितळवताना आणि फलनात आणखी गळती होते.

संमतीपत्र वाचा, विशेषतः तुमच्या पश्चात बीजांचं काय करायचं तो रकाना. उणे 196 अंशांच्या द्रव नायट्रोजनमध्ये ती वर्षानुवर्षं टिकतात. नूतनीकरणाची सूचना मात्र तुमच्या जुन्या नंबरवर जाते. नंबर बदलला की कळवा.