अनोळखी माणसाला मदत करायचीय पण जीभ उचलत नाही? मग असं करून बघा

समोर कोणीतरी जड बॅग घेऊन जिना चढतंय, आपल्याला दिसतंय, मनात येतं विचारावं का, मग वाटतं त्यांना आवडलं नाही तर, उगाच नाक खुपसल्यासारखं होईल, आणि तेवढ्यात ते माणूस वर पोचलेलं पण असतं. माझं वर्षानुवर्षं हेच व्हायचं.

बाबा हॉस्पिटलमध्ये होते तेव्हाची गोष्ट. रात्री अडीचला मी बाहेर बाकावर बसलेले, फोन दोन टक्क्यांवर आलेला, भावाला कळवायचं होतं. शेजारच्या बाई म्हणाल्या, "चार्जर हवाय का? मी सकाळपर्यंत इथेच आहे." बस, एवढंच. त्या कोण, कुठल्या, काही माहीत नाही. पण ते वाक्य मी नंतर खूपदा आठवलं आणि मदत कशी विचारायची ते मी त्यातूनच शिकले.

नीट बघा त्यात काय होतं ते. एक म्हणजे नेमकी वस्तू. "काही लागलं तर सांगा" म्हटलं की समोरचा शंभरातल्या नव्वद वेळा "नाही नाही, ठीक आहे" म्हणणार, कारण आता काय मागायचं हे त्यालाच शोधायला लागतं. त्यापेक्षा "ही बॅग वर ठेवू का?", "मी रांगेत उभी आहे, तुम्ही बसा, नंबर आला की हाक मारते" असं बोला, म्हणजे त्याला नुसतं हो किंवा नाही म्हणायचं राहतं. दुसरं म्हणजे "मी सकाळपर्यंत इथेच आहे" म्हटल्यावर परत द्यायची घाई, ओझं, सगळं गेलं. आणि नाही म्हणाले तर हसून "बरं" म्हणा आणि विषय सोडा, दुसऱ्यांदा आग्रह केलात की ती मदत राहत नाही, कटकट होते.

बोलायची भीती वाटते ना, ती बहुतेक वेळा खोटी असते. निकोलस एपली आणि ज्युलियाना श्रोडर या दोन मानसशास्त्रज्ञांचा २०१४ चा अभ्यास आहे, शिकागोत ट्रेनने जाणाऱ्या काही लोकांना सांगितलं की शेजारच्या अनोळखी माणसाशी बोला, काहींना सांगितलं गप्प एकटे बसा. नुसता अंदाज विचारला तर लोकांना वाटत होतं की गप्प बसण्यापेक्षा बोलल्याने प्रवास कमी छान होईल, प्रत्यक्षात बोललेल्यांचाच प्रवास जास्त छान गेला. अर्थात कानात हेडफोन असेल, पुस्तक उघडं असेल किंवा एका शब्दात उत्तरं येत असतील तर गप्प बसायचं, तेही चांगुलपणाच आहे.

घाई मात्र खरी शत्रू. १९७३ मध्ये जॉन डार्ली आणि डॅनियल बॅट्सन या मानसशास्त्रज्ञांनी धर्मशास्त्र शिकणाऱ्या विद्यार्थ्यांवर एक प्रयोग केला. त्यांना भाषण द्यायला दुसऱ्या बिल्डिंगमध्ये पाठवलं, वाटेत दारापाशी एक माणूस वाकून खोकत कण्हत बसवलेला. घाई नसलेल्यांपैकी ६३ टक्के थांबले आणि खूप उशीर झालाय असं सांगितलेल्यांपैकी फक्त १० टक्के. भाषणाचा विषय काहींना वाटेत पडलेल्याला मदत करणाऱ्या परक्याची बायबलमधली गोष्ट होता, तरी त्याने फारसा फरक पडला नाही! म्हणून माझा सगळ्यात साधा सल्ला, घरातून दहा मिनिटं लवकर निघा, चांगुलपणाला वेळ लागतो.

आता थोडं कोणाला कशी मदत करायची ते. दृष्टिहीन व्यक्तीचा हात किंवा काठी धरून ओढू नका प्लीज, खूप लोक हे करतात आणि ते भीतीदायक असतं. आधी बोला, "रस्ता ओलांडायचाय का?", हो म्हणाले तर आपलं कोपर पुढे करा, त्यांना धरू द्या, आपण अर्धं पाऊल पुढे चाला, पायरी आली की चढायची की उतरायची ते सांगा, आणि निघताना "मी आता जाते" हे तोंडाने सांगा, नाहीतर ते हवेशी बोलत राहतात. व्हीलचेअरलाही न विचारता हात लावायचा नाही. कोणी रडत असेल तर काय झालं विचारू नका, "पाणी आणू, की एकटं बसायचंय?" एवढं पुरे. बाळ रडतंय म्हणून आई कावरीबावरी झाली असेल तर वळून एकदा हसा, खूप बरं वाटतं त्यांना.

गर्दीत कोणी पडलं तर वेगळं. प्रत्येकाला वाटतं दुसरा कोणीतरी करेल, म्हणून "कोणीतरी ॲम्ब्युलन्स बोलवा" असं ओरडायचं नाही, एकाकडे बोट दाखवून "निळा शर्ट, तुम्ही फोन करा" म्हणायचं. आणि मदतीचा व्हिडिओ काढायचा नाही, कधीच नाही, त्या माणसाचा तो वाईट क्षण आहे, आपला कंटेंट नाही.

अजून एक राहिलंच, मदत घ्यायलाही शिका. कोणी सीट दिली की "अहो नको नको" करत चार वेळा नाकारू नका, बसा आणि थॅंक्यू म्हणा, आणि जमलं तर त्याने नक्की काय झालं तेही सांगा, "पाय खूप दुखत होता हो" एवढं सुद्धा चालेल. त्या चार्जरवाल्या बाईंना मी घाईत नुसतं थॅंक्यू म्हटलं, तुमच्यामुळे भावाला फोन लागला आणि तो सहाच्या आत पोचला हे सांगायला परत आले तर बाक रिकामा होता.