मेंढपाळांचा इतिहास अभ्यासायला घेताय?

एम.ए.च्या प्रबंधासाठी ‘इंग्रजी अंमल आणि धनगर मेंढपाळ’ हा विषय घेतला तेव्हा वाटलं होतं, मुंबईला जायचं, दफ्तरं उघडायची आणि लिहायला बसायचं. नाशिकरोडहून सकाळची पंचवटी एक्स्प्रेस धरून काळा घोड्याच्या पुराभिलेखागारात किती खेपा घातल्या, त्याचा हिशेब नाही. या विषयाकडे वळणाऱ्या नव्या मुलामुलींसाठी, मला उशिरा कळलेलं सांगते.

कायद्यांचा क्रम आधी डोक्यात पक्का बसवा. पहिला वनकायदा १८६५चा. त्याच वर्षी थळ घाटातून रेल्वे सुरू झाली, आणि रुळांखालच्या स्लीपरांसाठी सरकारला लाकूड हवं होतं. १८७८च्या कायद्याने जंगलाचे राखीव, संरक्षित आणि ग्रामवन असे भाग पाडले. राखीव जंगलात मेंढरं घालणं गुन्हा ठरला, कारण मेंढरं कोवळी रोपं तुडवतात अशी वनखात्याची समजूत. १८७१च्या गुरांच्या घुसखोरीविषयीच्या कायद्याने कोंडवाडा आणि दंड आले. शिवाय चराईचा कर होताच. आधी तो वसूल करायचा मक्ता लिलावात जाई. पुढे सरकार स्वतःच वसुली करू लागलं, आणि मेंढक्याला डोकी मोजून पास घ्यावा लागला.

हे सगळं पाठ करून, छापील प्रश्नावली घेऊन मी सिन्नरजवळ उतरलेल्या एका वाड्यावर, म्हणजे मेंढपाळांच्या तळावर, गेले. दिवस मावळत होता. मेंढरांभोवती वाघर, म्हणजे जाळीचं कुंपण, लावणं चाललं होतं. एका आजींना मी विचारलं, “पूर्वी चराईचे हक्क कोणते होते?” त्या माझ्याकडे बघतच राहिल्या. “पोरी, हे काय इचारतीस?” मी कागद पिशवीत घातला आणि म्हटलं, “आजी, दिवाळीनंतर मेंढरं कुठं कुठं बसवायचात?” मग त्या तासभर बोलल्या. सासऱ्यांच्या तोंडून ऐकलेले मुक्काम ओळीने सांगितले : घोटी, इगतपुरी, घाट उतरून कसारा, पुढे शहापूर. भात काढलेल्या खाचरात मेंढरं बसायची. शेताला लेंडीखत मिळायचं आणि यांना तांदूळ. पाऊस तोंडावर आला की पुन्हा वर, देशावर.

त्या रात्री टिपणं जुळवताना मला ‘पडीक’ हा शब्द खटकला. सरकारी कागदात ज्या जमिनीवर शेतसारा बसत नाही ती पडीक. आजींच्या तोंडी त्याच जमिनीला नाव होतं : अमक्याचा माळ, तमकं चरण, इथलं पाणी माघापर्यंत टिकतं. सारा वाढवायचा म्हणून असे माळ नांगराखाली आणले गेले. वर १८६०च्या दशकात अमेरिकेतल्या युद्धामुळे कापसाला भाव आला, तेव्हा नांगराची हाव आणखी वाढली. मेंढपाळाची वाट दोन्ही बाजूंनी आवळली गेली, एकीकडे राखीव जंगल, दुसरीकडे शेत. म्हणून माझं आग्रहाचं सांगणं आहे, दफ्तर उघडण्याआधी वाड्यावर जा. वाघर, खतवणं (मेंढरं बसवून शेताला खत देणं), मुक्काम हे शब्द कानावर पडलेले नसतील, तर कागदातला मेंढपाळ तुम्हाला फक्त दंड भरताना दिसेल.

मोडी लिपी शिका. जुने महसुली कागद त्याशिवाय वाचता येत नाहीत. १८८३चं नाशिक गॅझेटियर जरूर वाचा, पण ते साऱ्याच्या नजरेने लिहिलंय हे विसरू नका.

आणखी एक गफलत मी स्वतः केली. अख्ख्या जमातींनाच गुन्हेगार ठरवून त्यांची नोंद करणारा गुन्हेगार जमातींचा कायदाही १८७१चा असला तरी आधी तो उत्तरेत लागू झाला. मुंबई इलाख्यात तो १९११च्या कायद्यानंतर लागू झाला. १९५२ साली तो रद्द झाला आणि त्यात नोंदलेल्या जमाती ‘विमुक्त’ ठरल्या. धनगर आज भटक्या जमाती-क मध्ये येतात. भटके आणि विमुक्त एकत्र बोलले जातात म्हणून मी पहिल्या मसुद्यात हा कायदा सरसकट सगळ्या मेंढपाळांवर लादला होता. माझ्या मार्गदर्शक बाईंनी ती दोन पानं अख्खी खोडली, आणि बरंच केलं. कोणाची नोंद झाली होती, ते जमातीगणिक तपासा.

आता मी एक जाड वही ठेवलीय. डाव्या पानावर आजींनी सांगितलेला मुक्काम. उजव्या पानावर त्या गावाबद्दल दफ्तरात सापडेल ते : राखीव वनाची हद्द, पास, कोंडवाड्याचा दंड. घोटीचं उजवं पान भरलंय. कसाऱ्याच्या पुढची अजून कोरी आहेत.