एसएसएच चॅनेलचे उत्तर तुकड्यांत येते, हे गृहीत धरूनच कोड लिहावा

एरलँग या प्रोग्रॅमिंग भाषेत एसएसएचचा (दूरच्या संगणकाशी सुरक्षितपणे जोडणाऱ्या प्रोटोकॉलचा) क्लायंट-चॅनेल प्रोसेस, म्हणजे त्या जोडणीतील एक संवादमार्ग (चॅनेल) आपल्या बाजूने सांभाळणारा प्रोसेस, लिहिताना, दूरच्या सर्व्हरवर चालवलेल्या आदेशाचे उत्तर एकाच संदेशात येईल असे समजू नये. शिरोलीच्या औद्योगिक वसाहतीतील एका फाउंड्रीचा रोजचा अहवाल कोल्हापुरात बसून मागवताना मी हीच चूक केली होती. ‘कोल्हापूर’ या शब्दाचे यूटीएफ-८ या अक्षरे साठवण्याच्या पद्धतीत २७ बाइट होतात. तुकडा नेमका एखाद्या अक्षराच्या मधोमध तुटला, आणि प्रत्येक तुकडा वेगळा वाचणाऱ्या माझ्या कोडने गावाच्या नावाच्या जागी चौकोन छापले.

म्हणून आलेले बाइट प्रोसेसच्या स्टेटमध्ये (त्याने स्वतःजवळ जपलेल्या माहितीत) जसेच्या तसे साठवावेत आणि चॅनेल बंद झाल्याचा संदेश आल्यावरच त्यांचे अक्षरांत रूपांतर करावे. डेटाचा प्रकार ० असल्यास ते नेहमीचे आउटपुट आणि १ असल्यास त्रुटींचा प्रवाह असतो, तेव्हा दोन्ही वेगळे ठेवावेत. ईओएफ (डेटा संपल्याची खूण) आणि एक्झिट स्टेटस (आदेश कसा संपला याचा अंक) हे संदेश येतीलच असे नसते; चॅनेल बंद झाल्याचा ‘क्लोज्ड’ मात्र येतो, आणि निर्णय त्यावरच सोपवणे मला शहाणपणाचे वाटते.

आणखी एक गोष्ट अशी की, असा प्रोसेस ज्यावर लिहितात त्या एरलँगच्या तयार साच्यात (बिहेवियरमध्ये) डेटा हाताळणारे कॉलबॅक, म्हणजे साच्याने बोलावलेले आपले फंक्शन, परतल्यावरच फ्लो कंट्रोलची विंडो (सर्व्हरने आणखी किती डेटा पाठवावा याची मर्यादा) आपोआप वाढवली जाते. त्यामुळे त्याच कॉलबॅकमध्ये डेटाबेसची रेंगाळणारी कामे केल्यास सर्व्हरकडून येणारा ओघही खोळंबतो. अशी कामे वेगळ्या प्रोसेसकडे द्यावीत. नवा आदेश चालवायचा असल्यास त्याच कनेक्शनवर नवे चॅनेल उघडावे.