फायटर पायलटच्या मेडलांची ओळ कशी वाचायची

सगळ्यात आधी हातातली चिंच खाली ठेवा.

वडिलांची, सासऱ्यांची, काकांची मेडलं लोक माझ्याकडे माउंटिंगला, म्हणजे पट्टीवर ओळीनं शिवून घ्यायला आणतात. त्यातली कितीतरी आदल्या रात्री चिंच-मीठ लावून देवाच्या तांब्यासारखी घासलेली असतात. आणणाऱ्याच्या चेहऱ्यावर कौतुक असतं आणि माझ्या पोटात खड्डा पडतो. मेडलाच्या कडेवर, म्हणजे नाण्याला जिथं दाते असतात त्या जागी, बारीक अक्षरांत नंबर, हुद्दा आणि नाव असतं. घासून घासून पहिली बुजतात ती हीच अक्षरं. काळवंडलेली चांदी मला चालते, पण गेलेलं नाव कुठून आणू?

मी वायुसेनेत २० वर्षं एअरफ्रेम फिटर, म्हणजे विमानाच्या सांगाड्याचा कारागीर होतो, मिग-२१ वर. शिवणकाम शिकवलं ते स्टेशनवरच्या टेलर मास्टरनं. परेडच्या आदल्या दिवशी त्याच्याकडे रांग लागायची. मला सुई चालवता येते हे त्याला कळलं आणि तेव्हापासून माझी सुटका नव्हती. आता पुण्यात घरीच हे काम करतो. मेडलं शिवून देणं सोपं आहे. ती वाचायची कशी, ते मात्र दर वेळी नव्यानं समजावून सांगावं लागतं. म्हणून एकदा लिहूनच काढतो.

डबा उघडलात की जे जसं आहे तसंच पांढऱ्या कापडावर मांडा आणि फोटो काढा, पुढून आणि मागून. जुन्या पट्टीचा दोरा कुजला असला तरी लगेच उसवू नका. ज्यानं ती मिळवली त्यानं किंवा त्याच्या टेलरनं लावलेला क्रम हाही एक कागदच समजा. एका घरी धाकट्या भावानं सगळी मेडलं सोडवून ‘मोठं आधी, छोटं नंतर’ अशी लावली होती. हौस म्हणून ठीक, पण ओळ पार विसकटली.

मग मोबाईलची बॅटरी तिरपी धरून कड बघा. समोरून प्रकाश टाकला तर काही दिसत नाही. बाजूनं टाकला की अक्षरं उठून येतात. नंबर वहीत लिहून घ्या. नाव महत्त्वाचं खरंच, पण एकाच आडनावाचे आणि एकाच आद्याक्षरांचे दोन अधिकारी निघू शकतात. नंबर एकाचाच. फ्लाइंग ऑफिसर निर्मलजितसिंग सेखों यांचा १०८७७, आणि पुढे एफ(पी). हे एफ(पी) म्हणजे फ्लाइंग शाखा, पायलट. १९६५ च्या आसपासच्या कागदांत त्याच जागी जीडी(पी) दिसतं, म्हणजे जनरल ड्यूटीज, पायलट. यावरून माणूस पायलट होता एवढं नक्की होतं. फायटरचा होता की नाही, ते होत नाही. घरात ‘आजोबा फायटर पायलट’ म्हणतात आणि लॉगबुकात, म्हणजे उड्डाणांच्या नोंदवहीत, कॅनबेरा हे बॉम्बर विमान निघतं, असं होतं. त्यात कमीपणा काहीच नाही. जगमोहन नाथ आणि पद्मनाभ गौतम या दोघांनाही महावीर चक्र दोनदा मिळालं, आणि दोघंही कॅनबेरावाले.

कड कोरी असेल तर लगेच ‘नकली’ म्हणू नका. दुसऱ्या महायुद्धातले १९३९-४५ स्टार, बर्मा स्टार हे बरेचदा कोरेच दिले गेले. डिस्टिंग्विश्ड फ्लाइंग क्रॉसवरही नाव नसतं. मागच्या बाजूला खालच्या भुजेवर फक्त साल असतं. पुढे वायुसेनाप्रमुख झालेल्या अर्जनसिंग साहेबांना तो १९४४ मध्ये, हरिकेन उडवताना मिळाला. तेव्हाचं मेडल असेल तर भरवसा कागदांवर.

आता फिती. शौर्याच्या मेडलाची फीत साधारण ३२ मिलिमीटर रुंद, आणि ओळख पटवायला तीच पुरते. परमवीर चक्राची एकरंगी जांभळी. महावीर चक्राची अर्धी पांढरी, अर्धी नारंगी. वीर चक्राची अर्धी गडद निळी, अर्धी नारंगी. वायुसेना मेडलाची राखाडी आणि नारंगी तिरप्या रेघांची. लांबून बघितलं तर विणीचा पोत वाटतो. पहिली तीन शत्रूसमोरच्या शौर्यासाठी. तिन्ही २६ जानेवारी १९५० ला सुरू झाली आणि १५ ऑगस्ट १९४७ पासून लागू धरली गेली. त्यांचा आराखडा काढला सावित्रीबाई खानोलकरांनी. जन्मानं युरोपियन, लग्नानं खानोलकर. परमवीर चक्रावर इंद्राची चार वज्रं आहेत, दधीचीच्या हाडांची. मेडल हातात घ्यायचा योग फार थोड्यांना येतो, पण फोटोत मोठं करून जरूर बघा.

वीर आणि महावीर चक्राची नारंगी बाजू डाव्या खांद्याकडे असते. याचा एक चोरटा उपयोग आहे. जुना फोटो निगेटिव्ह उलटी ठेवून छापला असेल तर नारंगी बाजू उजव्या खांद्याकडे जाते आणि विंग्ज, म्हणजे पायलटचं पंखांचं चिन्ह, तेही उजव्या छातीवर दिसतं. अशा फोटोवरून ओळ वाचलीत तर सगळंच उलटं वाचाल. आधी शर्टाची बटणं बघा, मग फिती.

ओळ वाचायची ती घालणाऱ्याच्या छातीच्या मध्यापासून बाहेर, म्हणजे समोरून बघणाऱ्याच्या डावीकडून उजवीकडे. मोठा मान आधी. वीर चक्र, मग वायुसेना मेडल, मग विशिष्ट सेवा मेडल, आणि त्यांच्या पुढे युद्धांची मेडलं: १९६५ चा समर सेवा स्टार, १९७१ चे पूर्वी आणि पश्चिमी स्टार, रक्षा मेडल, संग्राम मेडल, मग सैन्य सेवा वगैरे. नोकरीच्या वर्षांची आणि स्वातंत्र्याच्या २५ व्या वर्षाची शेवटाकडे.

इथं मी लोकांना मनातल्या मनात दोन ढीग करायला सांगतो. एक ढीग ‘त्या दिवशी काहीतरी केलं’ याचा, दुसरा ‘त्या काळात तिथं होता’ याचा. रक्षा आणि संग्राम ही तर त्या त्या युद्धाच्या वेळी गणवेशात असलेल्या जवळपास सगळ्यांनाच. पूर्वी स्टार पूर्व आघाडीचा, पश्चिमी पश्चिमेचा. नावातच उत्तर आहे. लोकांना दुसरा ढीग किरकोळ वाटतो. मला नाही वाटत. आजोबा डिसेंबर १९७१ मध्ये नक्की कुठल्या बाजूला उडत होते, हे तोच ढीग सांगतो आणि शोध कुठून सुरू करायचा ते कळतं.

पहिल्या ढिगासाठी सायटेशन शोधा, म्हणजे मेडल कशासाठी दिलं ते सांगणारा अधिकृत मजकूर. ते भारताच्या राजपत्रात, भाग १ खंड १ मध्ये, राष्ट्रपती सचिवालयाच्या अधिसूचनेत छापलेलं असतं. संरक्षण मंत्रालयाच्या शौर्य पुरस्कारांच्या पोर्टलवर नाव टाकून आधी बघा, तिथं पुष्कळदा काम होतं. मिळालं की दोन तारखा वेगळ्या लिहा: राजपत्राची आणि पुरस्कार ज्या दिवसापासून लागू तो दिवस. घरातल्या गोष्टींत या दोन्हींचा काला झालेला असतो.

सायटेशन वाचल्याशिवाय फितीवर विश्वास ठेवू नका, हे मी ग्रुप कॅप्टन दिलीप परुळकरांच्या ओळीवरून सांगतो. वायुसेना मेडल आणि विशिष्ट सेवा मेडल. नुसती ओळ बघणारा म्हणेल, बरं, एक शौर्याचं आणि एक चांगल्या नोकरीचं. पहिलं १९६५ चं: विमानाला गोळी लागली, उजवा खांदा जखमी झाला, लीडर ‘उडी मार’ म्हणत होता, तरी विमान तळावर आणलं. दुसरं मात्र ऑफिसातल्या चोख कामाचं नाही! १९७१ मध्ये त्यांचं सुखोई-७ पडलं, ते रावळपिंडीच्या युद्धकैद्यांच्या छावणीत गेले आणि ऑगस्ट १९७२ मध्ये ग्रेवाल आणि सिंहजी या सहकैद्यांना घेऊन तिथून पळाले. पार अफगाण सरहद्दीजवळ लंडी कोतलपर्यंत पोचल्यावर पकडले गेले. ते मेडल या पलायनाचं. फीत मात्र तीच, जी मुख्यालयात वर्षानुवर्षं फायली हलवणाऱ्यालाही मिळते.

सेखोंचं सायटेशन दुसऱ्या कारणासाठी वाचा. १४ डिसेंबर १९७१, श्रीनगर, सहा सेबर विमानांचा हल्ला, आणि हा माणूस नॅट घेऊन धावपट्टीवरून उठला. वायुसेनेचं आजवरचं एकमेव परमवीर चक्र. पण त्यात एक वाक्य असंही आहे की १९४८ च्या आंतरराष्ट्रीय करारामुळे शांततेच्या काळात श्रीनगरला हवाई संरक्षणाची विमानं नसत. म्हणजे डोंगर, थंडी, तिथलं उड्डाण यांची सवय व्हायला त्या पायलटांना वेळच मिळाला नव्हता. असं साधं दिसणारं वाक्य सोडू नका. पराक्रमाचं माप तिथं असतं.

आणि ओळीत शौर्याचं मेडल नसेल तर? ‘काही केलं नसेल’ असं धरू नका. स्क्वाड्रन लीडर अज्जमाडा बोपय्या देवय्या. ७ सप्टेंबर १९६५, पाकिस्तानातल्या सरगोधा हवाई तळावरचा हल्ला. १२ विमानं ठरली होती, देवय्या राखीव, तरी गेले. मिस्टेअर विमान, म्हणजे समोरच्या एफ-१०४ स्टारफायटरपुढे बैलगाडीच. त्यांनी ते स्टारफायटर पाडलं आणि स्वतः परतले नाहीत. आपल्या बाजूच्या कुणी ती झुंज पाहिली नव्हती. पलीकडच्या हकिकती पुढे आल्या तेव्हा चित्र जुळलं, आणि महावीर चक्र मिळालं ते १९८८ मध्ये. मधली २३ वर्षं त्या घरात हे मेडल नव्हतं.

आता ठेवण्याबद्दल. मऊ सुती कापडानं फक्त धूळ पुसा. प्लॅस्टिकच्या मऊ पिशवीत ठेवू नका. त्यातलं पीव्हीसी हळूहळू धातू आणि फीत दोन्ही खातं. (परमवीर चक्रालाही सगळे पीव्हीसीच म्हणतात, त्यामुळे हे वाक्य मी फोनवर कधी सांगत नाही.) डांबरगोळ्या नकोत. आम्लरहित कागद, सिलिका जेलची पुडी, आणि कोकणात घर असेल तर पावसाळ्यात ती पुडी दर महिन्याला बदला.

फीत विरली असेल तर नवीन लावा, पण जुनी टाकू नका. पाकिटात घालून फ्रेमच्या मागे चिकटवा. एखादं मेडल हरवलं म्हणून प्रतिकृती आणलीत तर ‘प्रतिकृती’ असं मागे स्पष्ट लिहा. तिथंच नंबर, हुद्दा, नाव, स्क्वाड्रन आणि सायटेशनमधली तारीख लिहा, पेन्सिलनं. बॉलपेनची शाई दमट हवेत पसरते.

समारंभाला जाताना वडिलांची मेडलं स्वतःच्या डाव्या छातीवर लावू नका. ती जागा मिळवणाऱ्याची. आणि फ्रेम टांगताना खिडकीसमोरची भिंत टाळा. माझ्या पाहण्यात उन्हानं सगळ्यात आधी उडते ती नारंगी बाजू. मग वीर चक्राची फीत नुसती निळी दिसायला लागते आणि पुढच्या पिढीतलं कुणीतरी ती घेऊन माझ्यासारख्याकडे विचारायला येतं, की हे कुठलं मेडल हो?