अनोळखी जाणकारांना नेमका प्रश्न कसा विचारावा
क्रीडा किंवा संगीताविषयी इंटरनेटवर अनोळखी जाणकारांना विचारताना आपल्याला ठाऊक असलेला तपशील आधी लिहावा. ‘निर्धाव षटकांचा विक्रम कोणाचा?’ एवढ्यावर उत्तरे भरकटतात. परंतु ‘१९६४ च्या मद्रास कसोटीत इंग्लंडविरुद्ध सलग २१ निर्धाव षटके टाकणाऱ्या बापू नाडकर्णी यांचे त्या डावातील पृथक्करण काय होते?’ असे विचारल्यास ३२ षटके, २७ निर्धाव, ५ धावा आणि शून्य बळी, हे नेमके उत्तर मिळते.

नाट्यपदाबाबत अधिक काळजी घ्यावी. मुखडा आठवेल तसा लिहून, आवाज कोणाचा वाटतो आणि ध्वनिमुद्रण मैफलीचे की तबकडीचे, हेही सांगावे, कारण एकच पद अनेक गायकांनी आपापल्या ढंगाने गायिलेले असते, आणि रसिकाला त्यातला फरकच तर मोलाचा वाटतो. मिळालेले उत्तर धावफलकाशी किंवा तबकडीवरील मजकुराशी ताडून पाहावे.