जपानी लष्करी तलवार ओळखायला शिकताना: मूठ काढल्याशिवाय किंमत सांगू नका

मी पुण्यात मेटलर्जी केलं आणि नंतर इंग्लंडमध्ये एका लिलावघरात जुनी शस्त्रं आणि पदकं या विभागात कॅटलॉगिंगला लागलो, त्याला आता अकरा वर्षं झाली. या लाइनमध्ये येऊ बघणारी आपली मुलं अधूनमधून विचारतात की जपानी मिलिटरी तलवार खरी की खोटी हे कसं बघायचं आणि किंमत कशी ठरवायची, म्हणून पहिल्या वर्षी मला कोणीतरी सांगायला हवं होतं ते इथे लिहितोय.

आधी थोडं बॅकग्राउंड, कारण हे माहीत नसलं तर पुढचं डोक्यावरून जाईल. 1876 मध्ये जपानमध्ये सामुराईंसकट जवळजवळ सगळ्यांना तलवार बाळगून फिरायला बंदी आली आणि लोहारांचं काम बसलं. सैन्याने 1886 मध्ये जी तलवार घेतली ती दिसायला युरोपियन, हाताभोवती पितळी कमान असलेली, तिला क्यू-गुंतो म्हणतात (गुंतो म्हणजे लष्करी तलवार). मग 1934 मध्ये परत जुन्या सामुराई वळणाची शिन-गुंतो आली, म्यानाला दोन कड्या, आणि 1938 च्या मॉडेलमध्ये एकच कडी राहिली. या ऑफिसरांच्या. हवालदार दर्जाच्या लोकांसाठी 1935 ची टाइप 95, ती पूर्ण मशीनची, मूठ धातूची ओतीव. नौदलाची वेगळी, काय-गुंतो, 1937 ची.

आता मुख्य गोष्ट. ऑफिसर स्वतःचं पातं लावू शकायचा. म्हणजे वरचा साज सरकारी नमुन्याचा पण आत काय आहे ते सांगता येत नाही. कारखान्यात तापवून तेलात विझवलेलं साधं पोलादी पातं असेल, ज्याला शोवातो म्हणतात, किंवा युद्धकाळातच एखाद्या लोहाराने जुन्या पद्धतीने घडवून पाण्यात विझवलेलं गेंदाइतो असेल, किंवा घराण्यातलं चारशे वर्षांचं पातं काढून लष्करी मुठीत बसवलेलं असेल. तिन्ही बाहेरून सारखीच दिसतात!

मी पाचव्याच महिन्यात इथे चुकलो. एक बाई वडिलांची तलवार घेऊन आल्या, वडील बर्मामध्ये होते. म्यानावर चामड्याचं कव्हर, ते फाटलेलं, मुठीची दोरी सुटलेली, एकूण अवतार गरीब. मी फॉर्मवर लिहून टाकलं ‘दुसरं महायुद्ध, कारखान्याचं पातं’ आणि अंदाजही तसाच टाकला. आमच्या सीनियरनी फक्त एवढंच विचारलं, नाकागो बघितलास का. नव्हता बघितला. नाकागो म्हणजे पात्याचा मुठीत जाणारा भाग. त्यांनी मूठ काढली तर आतलं लोखंड जुन्या कढईच्या बुडासारखं गडद, गंज इतका मुरलेला की हाताला गुळगुळीत लागत होता, लोहाराची सही नाही, आणि अगदी टोकाला एक भोक अर्धवट कापलेलं. म्हणजे पातं मुळात लांब होतं आणि कोणीतरी पूर्वीच खालून कापून आखूड केलं होतं. सोळाव्या शतकाच्या आसपासचं पातं निघालं. कॅटलॉग छापायला गेला नव्हता म्हणून निभावलं, नाहीतर त्या कुटुंबाचं मोठं नुकसान माझ्या हातून झालं असतं. ते मला आजही लागतं.

तर मूठ काढायची कशी ते नीट सांगतो. मुठीत बांबूची एक खुंटी असते, मेकुगी. तिची एक बाजू बारीक असते, त्या बाजूने लाकडी दांडीने किंवा छोट्या पितळी हातोडीने हलकेच ठोकून दुसरीकडून बाहेर काढायची. मग डाव्या हातात मूठ धरून पातं वर तिरकं करायचं, धार तुमच्यापासून लांब, आणि उजव्या मुठीने डाव्या मनगटावर हलका ठोका द्यायचा. पातं आत सैल होतं, अजून एक दोन ठोके, मग हाबाकीला म्हणजे पात्याच्या बुडाशी असलेल्या तांब्याच्या कॉलरला धरून वर उचलायचं. अडकलं तर जोर नाही लावायचा, जाणकार माणसाला दाखवायचं. टाइप 95 ला बांबूची खुंटी नसते, स्क्रू असतो, आणि तिचा स्क्रू उघडून फारसं काही मिळतही नाही, कारण तिचा नंबर पात्यावर हाबाकीजवळच ठोकलेला असतो. तो म्यानाच्या तोंडावरच्या नंबरशी जुळला तर किंमत वाढते.

नाकागोवर काय बघायचं? गंजाचा रंग. युद्धकाळातल्या पात्यावर फिकट तपकिरी गंज असतो आणि कानशीचे ओरखडे खाली अजून स्वच्छ दिसतात. नकली मालावर गंज नारिंगी, बोटाला पावडर लागते, किंवा ॲसिडने खाल्ल्यासारखे खड्डे. मग सही आणि तारीख. तारीख शोवा वर्षात म्हणजे तेव्हाच्या जपानी सम्राटाच्या काळगणनेत असते, त्यात 1925 मिळवा, शोवा 17 म्हणजे 1942. जपानी आकडे आठवडाभरात येतात, दहाचं अक्षर तर आपल्या अधिकच्या चिन्हासारखंच आहे. सही छिन्नीने कोरलेली असते, प्रत्येक रेघेत छिन्नीचे छोटे छोटे ठोके दिसतात आणि कडेला धातू थोडा वर आलेला असतो. नकलीत अक्षरं एकसारखी उथळ, मशीनने ओढल्यासारखी.

शिक्के बघा. सेकी (हे गावाचं नाव) किंवा शोवा असा छोटा शिक्का असेल तर बहुतेक शोवातो. तारा असेल तर सैन्याने मान्यता दिलेल्या लोहाराचं काम, ते साधारणपणे पारंपरिक घडणीचं. जहाजाचा नांगर म्हणजे नौदल. पण शिक्का नाही म्हणून पातं पारंपरिक, असं नाही. आणि दोन भोकं दिसली म्हणून जुनं, हेही नाही. 1944 च्या सुमाराच्या उशिराच्या मॉडेलला मुळातच दोन खुंट्या असायच्या, तिथे नवीन माणूस हमखास फसतो.

नंतर हामोन, धारेजवळची ढगाळ पांढरी रेघ. एका उघड्या बल्बखाली पातं डोळ्यासमोर तिरकं करून हळूहळू फिरवा. पाण्यात विझवलेल्या पात्यात त्या रेघेच्या आत धुकं आणि बारीक चमकते कण दिसतात, आणि रेघ टोकाला जाऊन पाठीकडे वळते. नकलीत ती वरवर घासलेली किंवा ॲसिडने काढलेली असते, सगळीकडे सारखी पांढरी, टोकापर्यंत पोचतच नाही. आणि लाकडाच्या रेषांसारखं ढोबळ डिझाइन पात्यावर उठून दिसत असेल तर मी तरी हात आखडता घेतो, खऱ्या गुंतोत तसं जवळजवळ दिसत नाही. मूठही बघा. ऑफिसरच्या खऱ्या तलवारीला बहुतेक वेळा खाली पाकट माशाची खरखरीत कातडी असते, वर दोरीचे वेढे एकाआड एक उलटसुलट ओलांडलेले असतात. नकलीत प्रत्येक वेढा एकाच बाजूने जातो.

किमतीचं म्हणाल तर इथल्या बाजारात टाइप 95 शेकडो पौंडांत जाते, चांगलं गेंदाइतो हजारांत, आणि टोकियोच्या यासुकुनी देवळाच्या आवारात 1933 ते 1945 मध्ये घडवलेली साधारण 8,100 पाती आहेत त्यातलं निघालं तर त्याहून बरंच वर. मुठीच्या टोकाला घराण्याचं चांदीचं चिन्ह, मूळ गोंडा (तपकिरी-निळा म्हणजे कनिष्ठ ऑफिसर, तपकिरी-लाल म्हणजे वरचा), शरणागतीच्या वेळी मालकाचं नाव शाईने लिहून बांधलेली पट्टी, हे सगळं भर घालतं. माउंटबॅटननी आग्नेय आशियात जपानी ऑफिसरांनी तलवारी समारंभात सोपवाव्यात असा आग्रह धरला होता, त्यामुळे बर्मा-मलायातून कितीतरी तलवारी भारतीय सैन्यातल्या लोकांच्याही हाती आल्या. मराठा पलटणीची 4थी बटालियन मार्च 1944 मध्ये मणिपूरमधल्या सांगशाकला लढली, तेव्हा आपल्याकडे एखाद्या घरात अशी तलवार निघाली तर मला नवल वाटणार नाही. पण आजोबांची गोष्ट ही पुरावा नाही, सोबत पत्र, फोटो, सर्व्हिस रेकॉर्ड मागा. पट्ट्याही नकली बनतात.

आणि कळकळीची विनंती. नाकागो घासू नका. चिंच, लिंबू, सँडपेपर, काहीही नाही. एकदा एक सुंदर सही असलेलं पातं आलं, मालकाने नाकागो आरशासारखा चकाचक केला होता, प्रेमानेच केला होता, पण त्या गंजातच वय वाचायचं होतं. ते परत येत नाही.

कायद्याचंही बघून ठेवा. इंग्लंडमध्ये 50 सेंटीमीटर किंवा त्याहून लांब पात्याच्या वक्र तलवारींच्या विक्रीवर 2008 पासून बंदी आहे, पण 1954 आधी बनलेल्या किंवा पारंपरिक पद्धतीने घडवलेल्या तलवारींना सूट आहे, म्हणून तारखेचा पुरावा धंद्यासाठीच लागतो. जपानमध्ये फक्त पारंपरिक घडणीच्या पात्याचीच नोंदणी होते, तेव्हा शोवातो पॉलिशला तिकडे पाठवू नका, परत येणार नाही. भारतात 9 इंचांपेक्षा लांब पात्याची तलवार आर्म्स ॲक्टमध्ये येते, ठेवायच्या आधी पोलीस स्टेशनला विचारा.

शिकायला सुरुवात कुठून करायची, तर खरा माल बघण्यापासून. लीड्सला रॉयल आर्मरीज, लंडनला व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट आणि ब्रिटिश म्युझियम. मी पहिल्या वर्षी सुट्टीत लीड्सला जायचो आणि एकाच काचेसमोर वाकून, गुडघे मोडून, दिव्याचा कोन सापडेपर्यंत उभा राहायचो. वह्या भरल्या, प्रत्येक पात्याची लांबी (टोकापासून, नाकागो सुरू होतो तिथल्या पाठीच्या खाचेपर्यंत सरळ रेषेत मोजतात, वाकासोबत नाही), वाक, हामोनचा आकार. अशी दोनेकशे पाती वहीत उतरल्यावर एके दिवशी ऑफिसमध्ये एक म्यान उघडलं आणि मूठ काढायच्या आधीच मला कळलं की हे पाण्यात विझवलेलं आहे. तरी खुंटी काढली.