घोड्याच्या रातिबात आधी कोंडा मोजा

पागेत नव्याने आलेली मुलं पहिल्याच आठवड्यात विचारतात, "ताई, सप्लिमेंट कोणतं देऊ?" माझं उत्तर ऐकून ती हिरमुसतात. आधी वजनकाटा आणा. वैरण किती, दाणा किती, कोंडा किती हे किलोत सांगता येत नाही तोवर सप्लिमेंटचा एकही डबा उघडू नका.

मी अलिबाग तालुक्यातल्या एका पागेत जंपिंग आणि टेंट पेगिंगच्या (धावत्या घोड्यावरून भाल्याने जमिनीतली खुंटी उचलायच्या खेळाच्या) घोड्यांचा रातीब, म्हणजे रोजचं ठरलेलं खाणं, बघते. खरारा म्हणजे अंग घासणं, पाणी, पोटशूळाची लक्षणं हे तुम्हाला येतं असं धरूनच लिहितेय. सुकी वैरण रोज घोड्याच्या वजनाच्या किमान दीड टक्का, दाणा एका वेळी दोन किलोच्या वर नाही, कुठलाही बदल दहा-बारा दिवसांत हळूहळू, हेही पाठ असेल. मला बोलायचंय ते कोंड्याबद्दल. या एका गोष्टीने माझी झोप उडवली होती, आणि किनाऱ्यावरच्या पागांना ती हमखास गाठते.

का गाठते, तर आपल्याकडे भाताचा पेंढा मुबलक आणि चांगली वैरण घाटावरून यायची. पेंढ्यात कस नसतो. मग घोडा उतरला की कोंडा वाढवतात. गव्हाचा कोंडा स्वस्त, घोडा चाटूनपुसून खातो, लीदही छान पडते. सगळं बरं दिसतं.

आता हिशोब करा. पाचशे किलोच्या, मध्यम काम करणाऱ्या घोड्याला दिवसाला साधारण 35 ग्रॅम कॅल्शियम आणि 21 ग्रॅम फॉस्फरस लागतो. म्हणजे कॅल्शियम फॉस्फरसच्या दीडपट ते दुप्पट हवं, निदान बरोबरीच्या खाली कधीच जायला नको. समजा रातीब असा आहे: सहा किलो पेंढा, तीन किलो ओट, तीन किलो कोंडा. एकट्या कोंड्यातून 30 ग्रॅमच्या वर फॉस्फरस जातो आणि कॅल्शियम जेमतेम चार ग्रॅम. ओटमध्येही फॉस्फरसच जास्त. सगळं मिळून कॅल्शियम 25 च्या आसपास, फॉस्फरस 50 च्या आसपास. गणित पार उलटं. शिवाय पेंढ्यात आणि हत्तीगवतासारख्या हिरव्या चाऱ्यात ऑक्झलेट असतं, ते कॅल्शियमला धरून ठेवतं. कागदावर दिसणारे 25 ग्रॅमही घोड्याच्या अंगी पूर्ण लागत नाहीत.

मी कामाला लागले तेव्हा रेसकोर्सवरून निवृत्त झालेली एक थरोब्रेड घोडी अशाच रातिबावर होती. आज पुढच्या डाव्या पायाने लंगडायची, चार दिवसांनी मागच्या उजव्या. नालबंदाने नाल बदलले. स्वार म्हणायचा, हट्टी आहे, काम टाळते. रक्त तपासलं, कॅल्शियम अगदी नॉर्मल. तो कागद बघून सगळे निर्धास्त झाले, आणि मीही.

सापळा नेमका इथे आहे, म्हणून दोनदा वाचा. रक्तातलं कॅल्शियम शरीर सहसा पडू देत नाही, कारण त्यावर हृदय आणि स्नायू चालतात. रातिबातून मिळालं नाही की ते हाडांतून काढलं जातं. पगार पुरेना म्हणून घरातले दागिने एकेक करून गहाण पडावेत, आणि पासबुकातली शिल्लक मात्र दर महिन्याला ठीक दिसावी, तसं. हाडं पोकळ होतात, पाय दुखतात, पण दुखण्याची जागा सापडत नाही. पुढे जबड्याची आणि नाकाडाची हाडं फुगतात, दात हलू लागतात. हा आजार इतका जुना आहे की गिरण्यांच्या घोड्यांत तो कोंड्याचा आजार म्हणूनच ओळखला जायचा. तेव्हा लंगडण्याची जागा बदलत असेल तर रक्ताबरोबर लघवीही तपासायला सांगा. जास्तीचा फॉस्फरस लघवीवाटे जातो, तिथे तो सापडतो. आणि डॉक्टरांसमोर रातिबाचा कागद ठेवा, किलोत लिहिलेला.

आमच्याकडचे म्हातारे सईस, म्हणजे घोड्यांची देखभाल करणारे, मात्र पहिल्या दिवसापासून म्हणत होते, "पोरी, हिच्या नाकाडावर हात फिरव." मी मनापासून सांगते, असा माणूस पागेत असेल तर त्याच्या मागे मागे फिरा. लीद फोडून बघणारा, तोबऱ्यात (तोंडाला बांधायच्या पिशवीत) उरलेला दाणा बघणारा माणूस हाच गुरू. पाहिल्या पाहिल्या डब्याचं नाव सांगणाऱ्यापासून लांब राहा.

घाबरू नका, हे दुरुस्त होतं. कोंडा अर्धा किलोवर आणा. पेंढा साडेचार किलो करून तीन किलो वाळलेला लसूणघास (ल्यूसर्न) घाला. लसूणघासात कॅल्शियम भरपूर. एवढ्यानेच कॅल्शियम फॉस्फरसच्या दुपटीला पोहोचतं. लसूणघास मिळत नसेल तर खाद्यात वापरायची चुनखडीची पूड घ्या, तिच्यात कॅल्शियम सुमारे 38 टक्के आणि फॉस्फरस नाही. पानाचा चुना चुकूनही नाही, तोंड भाजतं. दुकानदार "कॅल्शियम" म्हणून डीसीपी (डायकॅल्शियम फॉस्फेट) किंवा गाईंना पाजायची कॅल्शियमची बाटली पुढे करेल. डीसीपीत फॉस्फरसही असतो, त्या बाटल्यांतही बहुतेकदा असतो. त्याने बिघडलेलं गणित सुटत नाही. हाडं भरून यायला महिने लागतात, तोवर उडी नाही, सैल लगामावर चालणं फक्त.

मापटं वापरत असाल तर आजच सोडा. एका मापट्यात ओट, चणे आणि कोंडा यांची वजनं पार वेगळी भरतात. काटा घोड्याला पुरत नाही, त्याला टेप पुरते: छातीचा घेर सेंटीमीटरमध्ये घ्या, त्याचा वर्ग करा, खांद्याच्या टोकापासून ढुंगणाच्या टोकापर्यंतच्या लांबीने गुणा, 11,880 ने भागा. वजन किलोत मिळतं.

मिठाचं थोडक्यात. घोड्याचा घाम माणसाच्या घामापेक्षा कितीतरी खारट. आपल्या दमट हवेत तो सुकतही नाही, नुसता गळत राहतो. साधं मीठ रोज पन्नास ग्रॅमच्या आसपास, घाम गाळलेल्या दिवशी जास्त. महागड्या इलेक्ट्रोलाइटचं मला फारसं कौतुक नाही, बऱ्याच पुड्यांत साखरच अधिक. मीठ घातलेल्या पाण्याशेजारी साध्या पाण्याची बादली हवीच. भर उन्हात घोड्याचं अंग कोरडं आणि श्वास जोरात असेल तर काम तिथेच थांबवा, पाणी ओता, डॉक्टरांना बोलवा.

पावसाळ्यात बुरशी आलेलं काहीही नाही, उन्हात वाळवूनही नाही. बुरशीच्या मक्याने घोड्याच्या मेंदूवर परिणाम होतो. कोंबड्यांचं खाद्य घोड्याच्या खोलीत ठेवूच नका. त्यात मोनेन्सिन हे कोंबड्यांचं औषध असू शकतं, आणि ते कोंबडीला चालतं, घोड्याला मारतं. सुट्टीच्या दिवशी दाणा निम्मा करा, नाहीतर दुसऱ्या दिवशी कामाला काढल्यावर पुठ्ठ्यांचे स्नायू आखडतात.

यानंतरही डबा घ्यावासा वाटला तर एकच घ्या. दोन-तीन डब्यांत तेच सेलेनियम पुन्हा पुन्हा असतं. लागतं दिवसाला मिलिग्रॅम-दीड मिलिग्रॅम, जास्त झालं की आयाळ गळते, खुराला भेगा पडतात. स्पर्धेच्या घोड्याला बिनलेबलचं टॉनिक तर नकोच, त्यातला एखादा घटक बंदी घातलेला निघाला तर घोडा बाद होतो. डब्यावरच्या घटकांचा फोटो काढून स्पर्धेच्या आधीच डॉक्टरांना पाठवून ठेवा.